कोठडीतल्या पाकोळ्या
जर्मन कवी-नाटककार अर्न्स्ट टोलर १९१४ साली हौसेने लढाईवर गेला. आपणही अस्सल जर्मन आहोत हे दाखवण्याची ज्यू पोराची ती धडपड. तेरा महिने आघाडीवर काढल्यावर शरीर-मन दोन्ही खचले आणि परतला तो पक्का युद्धविरोधी होऊन. एप्रिल १९१९मध्ये म्युनिकच्या क्रांतिसरकारचे प्रमुखपद या पंचविशीतल्या कवीकडे आले. ते आठवडाभरही टिकले नाही. (कवीच्या हाती राज्य द्यावे का, हा वाद तूर्त राहू दे.) शिक्षा झाली पाच वर्षांची. बर्लिनमध्ये त्याची नाटके गाजत होती, नाटककार मात्र गजाआड. कोठडीत पाकोळ्यांच्या जोडीने घरटे बांधले. त्याने त्यांच्यावर कविता लिहिल्या, तर तुरुंगाधिकाऱ्यांनी घरटेच मोडून टाकले! माझ्या लेखी त्याच्या कुठल्याही नाटकात याहून बोलका प्रवेश नाही. १९३३मध्ये नाझींनी त्याची पुस्तके जाळली. पुढे परागंदा अवस्थेत त्याने यादवीने होरपळलेल्या स्पेनमधल्या उपाशी नागरिकांसाठी मदत मागत दारे ठोठावली. माद्रिद फ्रँकोच्या बंडखोर फौजांच्या हाती पडून दोन महिनेही झाले नव्हते, तोच २२ मे १९३९ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात त्याने गळफास घेतला.