बोल्ट बसतो, मग फोन का अडतो?



भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये तयार झालेला आठ मिलिमीटर जाडीचा बोल्ट घ्या. चाकणच्या मोटार कारखान्यातील किंवा थेट जर्मनीहून आलेला त्याच मापाचा नट त्यावर फिरवून पाहा. तो अलगद बसेल. दोन्ही कारखान्यांच्या मालकांची ओळख असण्याचे कारण नाही. ‘एम-८’ या नेहमीच्या मापात दोन आट्यांमधील अंतर १.२५ मिलिमीटर असते, हे साऱ्या जगाने ठरवून घेतले आहे, म्हणून तो बसतो.

पूर्वी असे नव्हते. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. १८४१ मध्ये इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने सर्वांसाठी एकच आटा सुचवला. पुढे १९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी आपल्याकडे भारतीय मानक संस्था निघाली. १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहते. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा मोटारी आणि दुचाकी बनवतो तो या प्रमाणीकरणाच्या बळावरच. शेकडो लहान कारखान्यांतील सुटे भाग एका गाडीत निमूटपणे जुळतात.

आता याच पट्ट्यातील एखाद्या कामगाराचा मोबाईल फोन पाहा. लातूर-नांदेडकडून चाकणला आलेल्या तरुणाला खोलीवर एका कंपनीची रेंज मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या कंपनीकडे जायचे ठरवतो. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क आपल्याला आहे. ही सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. क्रमांक नव्या कंपनीत जातो, पण हातातला फोन तिथे चालेलच असे नाही! आणि एकदा कंपनी बदलली की ९० दिवसांपर्यंत पुन्हा बदलता येत नाही. कामाचा निरोप, बँकेचा सांकेतिक क्रमांक, घरची खुशाली हे सारे ज्या फोनवर येते तोच मुका झाला, तर त्याने काय करावे? हजारो रुपये घालून नवा घ्यावा?

फोन अडतो कशामुळे, असे तुम्ही विचाराल. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण वारंवारतेचे. प्रत्येक कंपनी सरकारकडून ठरावीक वारंवारतेचे पट्टे घेते. ९०० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, तर २३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची १३ सेंटिमीटर. (३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागा, म्हणजे लांबी मीटरमध्ये मिळेल.) प्रत्येक पट्ट्यासाठी फोनमध्ये योग्य अँटेना आणि नेमकी तीच लहर निवडणारी गाळणी लागते. ती नसेल, तर मनोरा शेजारी असूनही फोनला त्याचा पत्ता नसतो.

दुसरे कारण भाषेचे. लहर पकडली तरी तिच्यावरचा संदेश उलगडता आला पाहिजे. आपल्याकडे १९९५ मध्ये मोबाईल सेवा आली ती जीएसएम पद्धतीची. नंतर २००० नंतरच्या वर्षांत रिलायन्स आणि टाटा यांनी सीडीएमए पद्धतीची स्वस्त सेवा दिली आणि ती घराघरांत पोचली. पण तो फोन जीएसएमवर चालत नसे. पुढे या सेवा एकेक करून बंद झाल्या आणि चालू स्थितीतले ते फोन भंगारात गेले. २०१६ मध्ये जिओ आली ती फक्त फोर-जी घेऊन. तिथे बोलणेसुद्धा इंटरनेटच्या माहितीसारखे तुकड्या-तुकड्यांनी जाते. ही ‘व्होल्टी’ पद्धत ज्या फोनला येत नसे, त्यावर इंटरनेट चाले, पण वेगळे ॲप घेतल्याशिवाय साधा कॉल लागत नसे. २०२२ मध्ये फाइव्ह-जी आले तेव्हाही जिओ आणि एअरटेल यांच्या पद्धती वेगळ्या होत्या. काही फोनना एकीची सेवा मिळे, दुसरीची मिळत नसे.

तिसरे कारण कुलपाचे. काही फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम चालू नये, अशी आज्ञाच प्रणालीत लिहिलेली असते. १५०० रुपयांच्या अनामतीवर २०१७ मध्ये आलेला जिओफोन एकाच कंपनीच्या जाळ्यावर चाले. तिथे ना लहरीची अडचण, ना भाषेची. अडचण माणसाने घातलेली.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. प्रत्येक जादा पट्ट्यासाठी जादा भाग लागतात, फोन महागतो. कमी किमतीत फोन दिला, तर पैसे वसूल होईपर्यंत ग्राहकाने आपल्याकडे राहावे असे त्यांना वाटणारच. हे म्हणणे खोटे नाही. पण त्यातून ग्राहकाला अंधारात ठेवण्याचा हक्क मिळत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर किंमत, वजन आणि तयार केल्याचा महिना छापावा लागतो. मग फोनच्या खोक्यावर ‘हा फोन अमुक कंपन्यांच्या अमुक सेवांवर चालेल, अमुक ठिकाणी चालणार नाही’ असे साध्या मराठीत का छापू नये? आणि कुलूप घालायचेच असेल, तर त्याची मुदत आधी सांगावी व ती संपताच ते विनामूल्य काढावे. माझ्या मते हे दोन्ही नियम व्हायला हवेत. क्रमांक नेण्याचा हक्क फोन नेता आला तरच पुरा होतो.

हे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल. युरोपात एकेकाळी ब्रिटनचा मोबाईल जर्मनीत चालत नसे. १९८७ मध्ये १३ देशांच्या प्रतिनिधींनी एकच पद्धत स्वीकारण्याचा करार केला आणि त्यातूनच जीएसएम जगभर पसरले. स्पर्धा करणाऱ्यांनाही एकत्र बसून आटे ठरवता येतात!

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता? कारखान्यात भोक तपासायला दोन टोकांचे एक साधन असते. त्याचे ‘गो’ टोक भोकात शिरले पाहिजे, ‘नो-गो’ टोक शिरता कामा नये. तसे तीन प्रश्नांचे गेज तुम्ही बनवा. नव्या कंपनीचे पट्टे या फोनला आहेत काय? तिची पद्धत, विशेषतः व्होल्टी, त्याला येते काय? त्याला कुलूप आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे फोनच्या माहितीपत्रकात आणि कंपनीच्या सेवाकेंद्रात मिळतील. तिसऱ्यासाठी ओळखीच्या कोणाचे त्या कंपनीचे सिम मागून घ्या, फोनमध्ये घाला आणि एक कॉल लावून पाहा. या एका कॉलमध्ये बाकीच्या दोन उत्तरांचीही परीक्षा होते.

वर्गातील प्रत्येकाने आपल्या घरातील व शेजारच्या फोनांचा असा तक्ता केला, तर एक चांगला प्रकल्प होईल. शेजारचे काका कंपनी बदलायला निघाले, तर दुकानात जाण्याआधी त्यांना तो तक्ता दाखवा. त्यांचे ९० दिवस आणि नव्या फोनचे पैसे, दोन्ही वाचतील.