रिसेटचं बटण कुणी दाबायचं?



मागच्या वेळी मी डाळींच्या साठवणुकीबद्दल लिहिलं होतं, आज विषय एकदम वेगळा. आपल्यातल्या कितीतरी जणी दुकानाचा हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर ठेवतात, म्हणून हे तुम्हालाच सांगावंसं वाटतं. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, मोठ्या पॉवर बटणाजवळ एक बारीकसं बटण असतं, ते रिसेटचं. नव्या कॅबिनेटमध्ये ते पुष्कळदा नसतंच, पण आपल्याकडचे जुने डबे अजून चालू आहेत.

माझं माहेर लातूरचं. भावाची मार्केट यार्डात अडत आहे, तूर आणि सोयाबीनची. सगळे हिशेब वहिनी बघते. चार वर्षांपूर्वी ३१ मार्चला मी नांदेडहून तिकडे गेले होते. वर्ष संपलं म्हणून वहिनीने जुन्या वर्षाचा डेटा वेगळा करायला लावला होता. हे काम मोठं असतं. पडद्यावर काहीच हलत नाही, मशीन मेल्यासारखं वाटतं. सहा वाजले, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून स्वयंपाकघरातून हाका सुरू झाल्या. वहिनी म्हणाली, "लाइट लुकलुकतोय, काम चाललंय, थांबा." भाऊ म्हणाला, "तुला काय कळतं त्यातलं, अडकलंय ते." आणि भाच्याने बटण दाबलं.

पुन्हा चालू झाल्यावर ती फाइल उघडलीच नाही. आधीचा बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा. त्या आठ दिवसांच्या काटापट्ट्या आणि बिलं वहिनीने पुढच्या चार रात्री बसून पुन्हा भरली. बटण दाबणारे तेव्हा झोपलेले होते.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे: ज्याचं काम पडद्यावर उघडं आहे, त्यानेच ते बटण दाबायचं. घरात वयाने कोण मोठं आणि कॉम्प्युटर कुणी विकत आणला, याचा त्याच्याशी संबंध नाही.

बटण दाबल्यावर होतं काय? वीज तुटत नाही, पण प्रोसेसरला 'सगळं टाक आणि पहिल्यापासून सुरू कर' असा इशारा जातो. रॅममध्ये जे होतं ते गेलं. हार्ड डिस्कवर त्याच क्षणी काही लिहिलं जात असेल तर ते अर्धवट राहतं. विंडोज चालू होताना डिस्कची रचना बऱ्याचदा सावरून घेते, पण अर्ध्यावर राहिलेल्या फाइलमधला मजकूर परत आणू शकत नाही. पॉवर बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं तरी हेच होतं, त्यामुळे ते जास्त सुरक्षित आहे असं समजू नका. आणि प्लग ओढणं हे तर कधीच नको.

तुम्हाला गंमत वाटेल, १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याला रिसेटचं बटणच नव्हतं. डेव्हिड ब्रॅडली नावाच्या त्यांच्या इंजिनिअरने कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबायची युक्ती काढली. डिलीट मुद्दाम लांब ठेवली, म्हणजे एका हाताने चुकून दाबलं जाऊ नये. इतका विचार त्यांनी केला, आणि आपण मात्र बोटाने टक्कन दाबतो!

आपल्याला ही सवय विजेनेच लावली असं मला वाटतं. भारनियमनाच्या त्या वर्षांत नांदेडला कॉम्प्युटर केव्हा बंद पडेल याचा नेम नसायचा. २०१३च्या दुष्काळात तर परळीचं वीज केंद्रच पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. गेलं तर गेलं, पुन्हा चालू करू, अशी वृत्ती तेव्हा अंगात भिनली. घरचा इन्व्हर्टर पुरेल असं समजू नका. वीज गेल्यावर तो सुरू होईपर्यंतच्या क्षणात डेस्कटॉप कधी कधी आपोआप रिसेट होतो. यूपीएस वेगळा घ्या.

मग बटण दाबायचं कधी? मी आधी कॅप्स लॉक दाबून बघते. कळफलकावरचा दिवा लागला-विझला तर मशीन जिवंत आहे, फक्त एखादा प्रोग्राम अडकलाय. मग त्या तीन कळा, त्यातून टास्क मॅनेजर, आणि अडकलेला तेवढाच प्रोग्राम बंद. दिवा हलत नाही, माउस हलत नाही, तीन कळांना उत्तर नाही आणि डिस्कचा लाइटही शांत, असं घड्याळ लावून दहा मिनिटं राहिलं, तर बेलाशक दाबा. तेव्हा घाबरून मुलाची किंवा दुरुस्तीवाल्याची वाट बघत दुपार घालवणंही मला पटत नाही. विंडोजचं अपडेट चालू असेल तर मात्र दहा मिनिटं कमी पडतात, तासभर तरी थांबते मी. आणि बायोसचं अपडेट चालू असताना हात कॅबिनेटपासून लांब! ते अर्धवट तुटलं तर मशीन चालूच होत नाही. रिसेटनंतर डिस्क तपासणी सुरू झाली तर तीही पूर्ण होऊ द्या.

आठवड्याला दोनदा बटण दाबावं लागत असेल तर दुखणं दुसरीकडे आहे. रॅम, डिस्क किंवा नुसती धूळ. यार्डातल्या कॅबिनेटमध्ये तर भुसाच भरलेला असतो, पंखा अडतो आणि मशीन तापतं. त्या उबेला मुंग्याही येतात, म्हणून मी प्लग काढून आधी मऊ कुंचल्याने हळूच बघते आणि मगच ब्लोअर लावते.

वहिनीने आता त्या बटणावर लाल टिकली चिकटवली आहे. बॅकअप रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर घेते. दिवाळीत मी गेले होते तेव्हा मशीन खरंच अडकलं. भाऊ उठला, टिकलीकडे बघितलं आणि तिला हाक मारली. तिने कॅप्स लॉक दाबून बघितला, घड्याळात बघितलं, आणि आम्ही दहा मिनिटं शेव खात बसलो. मग तिने टिकली काढली.