दिवा उडाला, दोष कुणाचा?

आपल्या रीडिंग हॉलमधल्या शोकेसचे हॅलोजन दिवे दर दोन महिन्यांनी उडायचे, हे तुम्हाला आठवत असेलच. गेल्या टर्मला आम्ही चौघांनी तक्रारवहीत सरळ लिहून टाकलं, "वायरमनकाका डुप्लिकेट माल आणतात." खाली सह्यासुद्धा ठोकल्या!

काका काही बोलले नाहीत. एकदा रात्री एक वाजता मला म्हणाले, "मीटर आण, दाब बघू." (दाब म्हणजे व्होल्टेज, हे कॉन्व्हेंटवाल्या मला तेव्हा कळलं.) ट्रान्सफॉर्मरवर छापलेलं २३०/१२. इनपुट भरलं २५०! दिव्याच्या टोकांवर १३ व्होल्ट.

एक व्होल्ट जास्त, त्यात काय एवढं? मीही हेच म्हणालो. पण हॅलोजनचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे २००० तासांचा दिवा ७००-८०० तासांतच जाणार. शिवाय चारातले दोन उडाले की लोड निम्मं होतं, आउटपुट आणखी चढतं आणि उरलेलेही लवकर जातात. व्होल्टेज रेग्युलेशन! पेपरात यावर मी पूर्ण मार्क मिळवले होते. हॉलमध्ये मात्र मला दिसला तो फक्त बल्ब आणि तो आणणारा माणूस.

काकांनी वायर २५०च्या टॅपिंगवर घेतली. संध्याकाळी सप्लाय पडला की उजेड थोडा मंदावतो, पण दिवे टिकून आहेत.

"एलईडी लावा, प्रश्न मिटला," असंही काहीजण म्हणतात. पोर्चमध्ये लावून पाहिले. तिथे इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर आहे. ५० वॉटच्या जागी ५ वॉटचा दिवा आला, ट्रान्सफॉर्मरला किमान लोडच मिळेना आणि दिवे लुकलुकायला लागले. शिव्या पुन्हा दिव्यालाच!

माझं म्हणणं एवढंच, की नवा दिवा मागण्याआधी दिव्याच्या टोकांवर मीटर लावा. वॉटची बेरीज ट्रान्सफॉर्मरच्या व्हीए रेटिंगशी ताडून पाहा. किमान लोड किती लिहिलंय ते वाचा. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढंही न करता कुणाच्या पोटावर पाय येईल अशी तक्रार लिहायची, आणि वर इंजिनीअर म्हणवून घ्यायचं?

ती तक्रार आम्ही लेखी मागे घेतली आहे. काकांची माफी मात्र इथे, सगळ्यांसमोर मागतो.