तिसरी पिन

मंडळी, आजचा लेख जरा तिरसट आहे, आधीच सांगून ठेवतो.

मागच्या शनिवारी अमरावतीहून अकोल्याला मित्राकडे गेलो. पठ्ठ्याने मागच्या खोलीत स्टुडिओ थाटलाय. तीन सिंथ, रिव्हर्ब-डिलेचे डबे, आठ चॅनेलचा मिक्सर, लॅपटॉप. सगळं जोडलं आणि स्पीकरमधून आला... घूंऽऽऽ. थेट गल्लीतल्या डीपीखाली उभं राहिल्यासारखा!

"काही नाही बे, प्लगची मोठी पिन काढून टाकली की आवाज बंद होते. एका जाणकारानं सांगतलं मले." आणि साहेब पक्कड घेऊन तयार.

च्यायला! हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता डोकंच फिरतं. दुर्दैव म्हणजे तो लागू पडतो, म्हणूनच घातक आहे.

होतं काय, तर प्रत्येक डबा आपापल्या प्लगमधून अर्थला जोडलेला असतो, शिवाय ऑडिओ केबलच्या जाळीतून एकमेकांना. झालं वर्तुळ तयार! त्यातून वाहणारा ५० हर्ट्झचा करंट म्हणजे तो घूं. पिन कापली की वर्तुळ तुटतं, घूं जातो. पण उद्या आतलं इन्सुलेशन गेलं, तर २३० व्होल्ट धातूच्या डब्यावर येतात आणि जमिनीची वाट शोधतात. ती वाट तुम्हीही असू शकता.

वऱ्हाडात कूलरचा झटका न खाल्लेला माणूस सापडणं कठीण. ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून कूलरला हात लावू नको, म्हणून आई ओरडते. आणि आपण इंजिनियर लोक हौसेने पिना कापतो!

"पण आपल्याकडे अर्थिंग असते कुठं नीट?" हाही युक्तिवाद झाला. खरंय. जुन्या घरांत ते नावालाच असतं, आणि उन्हाळ्यात माती सुकली की आणखी बिघडतं. मग वायरमनकडून तपासून घ्या, खड्ड्यात पाणी घाला. ब्रेक नीट लागत नाहीत म्हणून ब्रेकच काढून टाकता का?

आम्ही काय केलं? सगळ्या केबल काढल्या, एकेक करून लावल्या. लॅपटॉपची लावताच घूं. चार्जर काढून बॅटरीवर चालवला, घूं गायब. चोर सापडला! त्या लाइनवर ट्रान्सफॉर्मरवालं आयसोलेटर घालायचं ठरलं. सगळे प्लग एकाच, अर्थिंग तपासलेल्या बोर्डावर घेतले. प्रत्येक सिंथमागे वेगळा रिव्हर्ब होता, त्याऐवजी एकच रिव्हर्ब मिक्सरच्या ऑक्स सेंडवर टाकला, तिघांत वाटून. निम्म्या केबल कमी. (रिव्हर्ब परत येतो त्या चॅनेलचा तोच ऑक्स मात्र शून्यावर ठेवा, नाहीतर शिट्टी वाजते.)

तोवर मित्र चौथ्या सिंथच्या किमती बघत होता. अरे, १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या तीनच यंत्रांवर दहा रागांची अख्खी तबकडी ध्वनिमुद्रित केली. मिडी यायचं होतं १९८३ मध्ये! आपल्याला कमी पडतात ते सिंथ नाहीत; कमी पडतो तो केबल नीट लावण्यातला धीर.

असो. पक्कड मी येताना बरोबर घेऊन आलोय.