बुटातली माती

कोलशेत-ढोकाळीतल्या आईबाबांनो, आज संध्याकाळी पोर सरावाहून आलं की त्याचे बूट उंबऱ्याबाहेर झटकून बघा. बहुतेक घरांत रबराचे काळे दाणे पडतील. टर्फवरचे.

टर्फशी माझं वाकडं नाही. पावसाळ्यात चिखल होत नाही, रात्री दिव्यांखाली खेळता येतं. पण चारी बाजूंनी जाळी लावलेल्या त्या हिरव्या प्लास्टिकवर पोर रोज घाम गाळतं, म्हणून ते निसर्गात वाढतंय असं समजू नका. उघड्यावर खेळणं वेगळं, आजूबाजूचं ओळखणं वेगळं.

ओळखायला इथे कमी आहे का? मावळतीला येऊरचा डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. दुसऱ्या अंगाला तिवरांची खाडी. २०२४ साली खुलं झालेलं सेंट्रल पार्कही कोलशेतचंच.

गेल्या उन्हाळ्यात एका मातीच्या मैदानाच्या कडेला टिटवीने अंडी घातली. ही बया काड्यांचं घरटं बांधत नाही, खड्यांच्यात खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालते. पोरं राउंड मारताना जवळून गेली की डोक्यावर येऊन कलकलाट करायची. कोचसरांनी भोवती चार कोन ठेवले, राउंड दहा पावलं आत घेतला आणि सराव सुरू. भाषण नाही, काही नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरं आल्याआल्या लांबून आधी अंडी बघायची, मग बॉल मागायची.

तेव्हा सरांनो, आठवड्यातला एक सराव तरी मातीवर घ्या. वॉर्म-अपची एक फेरी शिट्टीशिवाय, न बोलता होऊ द्या. वारा कुठून येतोय ते विचारा; स्विंग टाकणाऱ्याला ते कळायलाच हवं. खाडीकाठी नेलंत तर भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, हे पोरांनाच घड्याळ लावून शोधू द्या. गावठाणातल्या कोळी-आगरी घरचं पोर ते आधीच सांगेल. त्या दिवशी कॅप्टन त्यालाच करा. चिखलात मात्र कुणाला उतरवू नका, पाय रुतला की निघत नाही. येऊरला जाल तर उजेडात जा, स्पीकर घरी ठेवा. ते बिबट्याचं घर आहे.

आणि पालकांनो, पुढच्या वेळी क्लासची फी भरताना बॅच आणि किटबरोबर एवढंही विचारा: आठवड्यातून किती दिवस माती?