बिनखंडाचे कूळ

अमेरिकेतील ऑस्टिन शहरी बर्नी बर्न्स आणि त्याच्या मित्रांनी १ एप्रिल २००३ रोजी ‘रेड व्हर्सेस ब्लू’ ही विनोदी मालिका इंटरनेटवर आणली, तेव्हा ती सहा-आठ भागांत आटोपेल असा त्यांचा होरा होता. प्रत्यक्षात तिची १९ पर्वे झाली आणि मे २०२४ मध्ये ती समाप्त झाली. एवढे दीर्घायुष्य लाभलेल्या या उद्योगाचे भांडवल मात्र उसनवारीचे होते. मायक्रोसॉफ्टच्या ‘हेलो’ या व्हिडिओ खेळातील चिलखतधारी सैनिक कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हलवावयाचे आणि त्यांच्या तोंडी आपले संवाद घालावयाचे, एवढाच कारभार. शिरस्त्राणामुळे चेहरा झाकलेला, तेव्हा ओठ हलविण्याचाही खर्च नाही. बोलणाऱ्याने मान डोलवावी म्हणजे झाले!

आकर्षण होते ते संवादांचे. लाल आणि निळी अशा दोन पलटणी एका ओसाड दरीत समोरासमोर तळ ठोकून आहेत. कशासाठी, हे कोणालाच धड सांगता येत नाही. मूळ खेळात गोळीबाराला क्षणाची उसंत नसते. येथे शिपाई कंटाळतात, कुरकुरतात, नव्या जीपगाडीला कोणते नाव शोभेल यावर तास घालवितात. इराकवरील स्वारीला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते, हा योगायोगच. परंतु कोणत्याही कचेरीत उमेदवारी केलेल्या माणसाला हे जग परके वाटू नये.

पुढे मालिकेला गांभीर्याची हौस जडली. २०१० पासून मॉन्टी ओम याने रचलेल्या हाणामाऱ्या नेत्रदीपक होत्या, यात शंका नाही. पण पूर्वकथांचे जंजाळ इतके वाढले की, नवख्या प्रेक्षकाला पात्रांची वंशावळ पाठ केल्याखेरीज विनोद उमगेना. २०२० च्या पर्वात तर मारामारी उरली आणि हसू गेले. शिवराळपणा आरंभापासूनच होता. तो विनोदाच्या आधाराने खपून जाई, एवढेच.

अर्थशास्त्रदृष्ट्या उद्बोधक आहे तो मालकीचा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने या कुळाकडे खंड मागितला नाही. उलट २००४ च्या ‘हेलो २’ मध्ये सैनिकांना बंदूक खाली धरता येईल अशी सोय करून देण्यात आली. प्रेक्षकांच्या वर्गणीवर आणि डीव्हीडींच्या विक्रीवर ‘रूस्टर टीथ’ ही संस्था उभी राहिली. २०१४ मध्ये ती फुलस्क्रीन कंपनीला विकली गेली आणि हस्तांतरे होत होत २०२२ मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीच्या पदरी पडली. मार्च २०२४ मध्ये तिला टाळे ठोकण्याची घोषणा झाली, आणि नोकरवर्गाच्या पोटावर पाय आला. जमिनीच्या मालकाने वीस वर्षे जे केले नाही, ते पैसे मोजून घर घेणाऱ्याने दोन वर्षांत केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्न्सने संस्थेचे नाव आणि ही मालिका परत विकत घेतली. ‘हेलो’वरील हक्क अर्थातच मायक्रोसॉफ्टकडेच आहेत.