तीन तासांची गुणवत्ता

राज्यात अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा, तर खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला बारावीला तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात. तेवढे पडले की बारावीचे काम संपले. राज्याच्या कोट्यातली यादी लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर. तीन तास, दीडशे प्रश्न.

या तीन तासांत मुलाची समज आणि चपळाई दिसते. नेट दिसत नाही. आणि पुढची चार वर्षे निघतात ती नेटावर. जर्नल वेळेवर पूर्ण करणे, सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याची फाइल न उतरवणे, केटी लागली तरी पुढच्या सत्रात तो विषय काढणे, या गोष्टी सीईटी विचारत नाही.

रिचर्डसन, एब्रहॅम आणि बाँड या संशोधकांनी विद्यापीठीय विद्यार्थ्यांवरच्या तेरा वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये मांडला. पदवीच्या गुणांशी बुद्धिमत्तेचा सहसंबंध निघाला ०.२०. नेटाने, शिस्तीने काम करण्याच्या स्वभावाचा ०.१९. जवळपास बरोबरी. त्याच आढाव्यात अमेरिकेतल्या ‘सॅट’ या प्रवेश परीक्षेचा सहसंबंध ०.२९ आहे, शाळेतल्या गुणांचा ०.४०. कारण उघड आहे. शाळेच्या गुणांत बुद्धीबरोबर रोजची मेहनतही मोजली जाते.

आपल्याकडे उलटे चालले आहे. मुलाचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये आणि हजेरी कागदावर. जे मोजलेच जाणार नाही, त्यासाठी तो वर्गात का बसेल?

बारावीचे गुण निर्दोष नाहीत, हा आक्षेप खरा आहे. मंडळे वेगळी, तपासणी वेगळी. विज्ञान विषयांत प्रात्यक्षिकाचे ३० गुण किती सढळ हाताने पडतात, हे साऱ्यांना ठाऊक आहे. पण मोजमाप बिघडले असेल तर ते दुरुस्त करायचे असते, फेकून द्यायचे नसते. जेईई मेनच्या क्रमवारीत २०१३ ते २०१६ या काळात बारावीला ४० टक्के वाटा होता. २०१७ पासून तोही गेला.

सीईटी जरूर ठेवा. पण प्रात्यक्षिके खरी घ्या, हजेरी खरी लावा आणि त्या कामाला यादीत ठरावीक वाटा द्या. पदवी मिळवायला जो गुण लागतो, त्याची दखल प्रवेश देतानाच घेतली पाहिजे.